दोन एमबीची लाईन, आणि स्पीड २४० च? ई-वन, टी-वन, एसटीएमचा हिशोब नेमका कुठं चुकतो

कोल्हापूर आणि आजूबाजूच्या लीज लाईन (भाड्यानं घेतलेली स्वतंत्र लाईन) आणि पीआरआय (एका लाईनीवर तीस फोन कॉल) यांची कामं मी बरीच वर्षं करतोय, शिरोली-गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले कारखाने, शाहूपुरी-लक्ष्मीपुरीतल्या बँका आणि पतसंस्था, आणि गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांची ऑफिसं. फोन येतो तो एकाच वाक्याचा असतो, "लाईन स्लो आहे, येऊन बघा." जाऊन बघितलं की दहातल्या सहा-सात वेळा लाईन चांगली असते आणि हिशोब चुकलेला असतो. उरलेल्या वेळा लाईनमध्ये खरंच काहीतरी असतं आणि गंमत म्हणजे तेही हिशोबानंच सापडतं. म्हणून स्क्रू ड्रायव्हर नंतर, आधी वही.

लक्षणं

यातलं काही दिसत असेल तर पुढं वाचा.

- लाईन "दोन एमबी"ची, पण फाईल उतरताना २३०-२४० च्या वर आकडा जात नाही.
- ग्राफवर वापर १२८ टक्के दाखवतोय, नाहीतर ऐन गर्दीच्या वेळेला ग्राफमध्ये भोकं पडतायत.
- एका टोकाचा माणूस म्हणतो लाईन १९८४ केबीपीएस (सेकंदाला इतके हजार बिट), दुसऱ्या टोकाचा म्हणतो १९२०, आणि दोघंही आपापल्या जागी ठाम.
- पीआरआयवर तीस कॉल व्यवस्थित चालायचे, तेच आयपीवर नेले आणि पंचविसाव्या कॉलच्या आतच आवाज तुटायला लागला.
- कोटेशनमध्ये एसटीएम-१ (मोठी लाईन) म्हणजे ७५ ई-वन (दोन एमबीच्या लाईनी) असं लिहिलंय आणि मिळाले ६३.
- दहा एमबीचा लिंक एका सकाळी पावणेनऊवर येऊन बसला आणि तिथनं हलत नाही.

हे आकडे भिंतीवर लावून ठेवा

एक टाइमस्लॉट (लाईनीतला एका आवाजाचा कप्पा) : ६४ केबीपीएस
टी-वन : १.५४४ एमबीपीएस, म्हणजे २४ स्लॉट आणि वर ८ केबीपीएस फ्रेमिंग
ई-वन : २.०४८ एमबीपीएस, ३२ स्लॉट
ई-थ्री : ३४.३६८ एमबीपीएस, १६ ई-वन
टी-थ्री : ४४.७३६ एमबीपीएस, २८ टी-वन
एसटीएम-१ : १५५.५२ एमबीपीएस, ६३ ई-वन
एसटीएम-४ : ६२२.०८ एमबीपीएस, २५२ ई-वन

सगळ्याचं मूळ ६४ मध्ये आहे. माणसाचा आवाज फोनवर न्यायचा म्हणून सेकंदाला ८००० वेळा मोजायचा, प्रत्येक मोजणी ८ बिटांत लिहायची, ८ गुणिले ८००० म्हणजे ६४,०००. अमेरिकेनं असे २४ आवाज एका तारेवर बांधले आणि १९६२ पासून तो टी-वन वापरात आला, युरोपनं ३२ ची मोळी बांधली, आणि आपल्याकडं युरोपची पद्धत चालते. म्हणून आपल्या एक्स्चेंजमध्ये जी "टू एमबी स्ट्रीम" म्हणतात ती ई-वन असते. हे पक्कं डोक्यात ठेवा, कारण निम्म्या चुका अमेरिकन आकडे आपल्या लाईनीला लावल्यामुळं होतात.

पहिली तपासणी : बिट का बाइट (खर्च शून्य, वेळ एक मिनिट)

लाईन विकतात बिटमध्ये, फाईल मोजतात बाइटमध्ये. इंग्रजी लहान बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाइट, एका बाइटात आठ बिट. २.०४८ मेगाबिटला आठनं भागलं की सेकंदाला २५६ किलोबाइट येतात, म्हणजे २४० दिसत असेल तर लाईन जवळजवळ पूर्ण भरून चाललीय, तक्रार करायचं कारणच नाही.

एवढं साधं असून सगळ्यात जास्त भांडणं इथंच होतात, कारण बोलताना आपण दोन्हीला "एमबी"च म्हणतो. मॅनेजरसाहेब म्हणतात दोन एमबीची लाईन आणि दोन एमबीची फाईल, मग एका सेकंदात का येत नाही. त्यांचं चुकत नाही, शब्दच एक आहे. मी तक्रार घेताना समोरच्याला स्क्रीनचा फोटो पाठवायला सांगतो आणि बी लहान आहे का मोठा तेवढं बघतो, कित्येक फेऱ्या वाचतात. पेट्रोल जाळून इचलकरंजीला जायचं आणि तिथं जाऊन आठनं भागायचं याला काही अर्थ नाही.

दुसरी तपासणी : हजार का एक हजार चोवीस

गुजरीत सोन्याचा तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम, पण आजीच्या वेळचा तोळा ११.६६ ग्रॅमचा. शब्द तोच, वजन वेगळं. किलो आणि मेगाचं तसंच झालंय. लाईनीचा किलो कायम १००० चा असतो, विंडोजमध्ये फाईलचा किलो १०२४ चा. त्यामुळं २,५६,००० बाइट स्क्रीनवर २५० दिसतात, सहा कुठंही सांडलेले नाहीत.

आता इथं एक सापळा आहे आणि त्यात चांगले शिकलेले लोक अडकतात. ई-वनला २०४८ केबीपीएस म्हणतात, दोन गुणिले १०२४ पण २०४८, मग डोक्यात बसतं की लाईनीत पण कॉम्प्युटरसारखा १०२४ चा हिशोब आहे. तसं अजिबात नाही, तो २०४८ आला ३२ गुणिले ६४ मधून. टी-वनला पण तीच फसगत होते, दीड गुणिले १०२४ म्हणजे १५३६, आणि २४ गुणिले ६४ पण १५३६. दोन ठिकाणी जुळलं की माणसाची खात्रीच पटते. मग तोच नियम वर लावला जातो आणि ३४ एमबीचा ई-थ्री ३४ गुणिले १०२४ करून ३४,८१६ केबीपीएस लिहिला जातो, खरा आकडा आहे ३४,३६८. राऊटरमध्ये शेपिंगला (म्हणजे किती वेगानं पाठवायचं त्या मर्यादेला) ३४,८१६ टाकला की राऊटरला वाटतं लाईनीत अजून जागा आहे, तो पॅकेट ढकलत राहतो, लाईनीच्या तोंडाशी ती पडतात, आणि सगळे शोधत बसतात की पॅकेट लॉस येतोय कुठून. कुठल्याही लाईनीचा आकडा १०२४ नं गुणून काढू नका, वरच्या यादीतनं उचला.

तिसरी तपासणी : एकच पीसी, आणि एका वेळी तीन फाईली

लाईन बाकीच्यांकडून मोकळी करून घ्या, एक पीसी थेट राऊटरला जोडा, आधी एक फाईल उतरवून आकडा लिहा, मग तीन एकदम लावा आणि तिन्हींची बेरीज लिहा. बेरीज वाढली तर लाईनीत जागा आहे, एकटी फाईल ती भरू शकत नाही एवढंच.

कारण असं की पाठवणारा एका दमात ठराविक बाइटच पाठवतो आणि पोच आली की पुढचे पाठवतो. जुन्या मशीनमध्ये हा दम जास्तीत जास्त ६५,५३५ बाइटचा. लाईन शहरातली असली तर पोच पटकन येते आणि काही जाणवत नाही. पण चंदगड, गगनबावड्याकडच्या डोंगरातल्या शाखा व्हीसॅटवर (उपग्रहाच्या लाईनीवर) असतात, सिग्नल ३६,००० किलोमीटर वर जाऊन खाली येतो, पोच यायला साधारण ०.६ सेकंद लागतात. ६५,५३५ भागिले ०.६ करा, सेकंदाला १०९ किलोबाइट, म्हणजे ८७० केबीपीएसच्या आसपास. खाली दोन एमबी असो नाहीतर चार, एका फाईलला एवढंच मिळणार. अशा जागी लाईन वाढवून घ्यायला सांगणारे भेटतील, पैसे घालू नका, आधी मशीनमधलं विंडो स्केलिंग (हा दम मोठा करायची सोय) चालू आहे का बघा.

चौथी तपासणी : ६४ नं भागा

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी, कारण लाईन स्वतः सांगते तिला काय झालंय.

आधी ३२ तले वापरायला किती मिळतात ते बघा. उसाची गाडी काट्यावर येते तेव्हा भरलेल्या गाडीच्या वजनाचं बिल निघत नाही, मोकळ्या गाडीचं वजन वजा होतं. ई-वनचा शून्य नंबरचा स्लॉट फ्रेमिंगला जातो, म्हणजे समोरच्या मशीनला मोळी कुठं सुरू होते ते कळण्यासाठी, तो कुणालाच मिळत नाही. उरले ३१, गुणिले ६४ म्हणजे १९८४ केबीपीएस, डेटाच्या फ्रेम्ड ई-वनवर हा तुमचा हक्काचा आकडा. आवाजाच्या लाईनीवर सोळा नंबरचा स्लॉट पण सिग्नलिंगला जातो, उरले ३०, म्हणजे १९२०. पीआरआयला तीस कॉल का, तर यामुळं. आणि फ्रेमिंगच नसलेली लाईन असली तर पूर्ण २०४८ मिळतात, पण मग दोन्ही टोकं तशीच सेट पाहिजेत.

आता राऊटरवर लाईन पूर्ण भरलेली असताना इंटरफेसचा रेट बघा आणि ६४ नं भागा.

३१ आले, लाईन ठणठणीत, घरी जा.

३० आले, डेटाच्या लाईनीवर कुणीतरी सोळावा स्लॉट सोडून दिलाय. एका टोकाला १९८४ आणि दुसऱ्याला १९२० म्हणतात ते हेच, आणि असा फरक असेल तर लाईन नीट चालतच नाही, एक बाजू ज्या स्लॉटमध्ये डेटा भरते तो दुसरी बाजू उघडतच नाही.

२४ आले, अमेरिकन सेटिंग आलंय.

१६ किंवा त्याच्या खाली सरळ भागाकार आला, तर बिल काढून बघा, कदाचित घेतलीच असेल एक एमबीची. तसं नसेल तर मधल्या मक्सवर (लाईनी एकत्र बांधणाऱ्या मशीनवर) तेवढेच स्लॉट जोडलेत.

६४ नं सरळ भागच जात नाही, आकडा दर वेळी वेगळा येतोय, तर तो सेटिंगचा प्रश्न नाही, पुढं सहाव्या तपासणीला जा.

इथं एक गोष्ट फार महत्त्वाची, यात मी स्वतः पूर्ण दिवस घालवलाय म्हणून कळकळीनं सांगतो. हा आकडा स्पीड टेस्टचा घेऊ नका. स्पीड टेस्ट फक्त आतला माल मोजते, पॅकेटचं वेष्टण मोजत नाही, आणि १५०० बाइटच्या पॅकेटवर हे वेष्टण साधारण तीन टक्के असतं. १९८४ चे ९७ टक्के काढा, १९२४ येतात. म्हणजे ३१ स्लॉटची चांगली लाईन स्पीड टेस्टवर हुबेहूब ३० स्लॉटसारखी दिसते! मी तो सोळावा स्लॉट शोधत दोन्ही टोकं पिंजून काढली आणि तो जागेवरच होता. तेव्हापासून भागाकार फक्त राऊटरच्या आकड्याचा.

२४ चं उदाहरण सांगतो. शिरोलीतली एक फाउंड्री, दुसऱ्या गावातल्या त्यांच्याच युनिटशी ई-वनची लाईन, सुरुवातीपासून "थोडी स्लो" अशी तक्रार पण बंद कधीच पडली नाही, त्यामुळं कुणी खोलात गेलं नाही. रेट बघितला, १५३६ च्या वर जाईना. ६४ नं भागलं, बरोबर २४. राऊटर लावणाऱ्यानं कुठल्यातरी अमेरिकन नमुन्यावरनं कॉन्फिगरेशन उचललेलं, चॅनेल ग्रुपमध्ये टाइमस्लॉट १ ते २४ लिहिलेलं, आणि दोन्ही टोकांना तेच असल्यामुळं लाईन आपली गुपचूप चालत होती. सात स्लॉट, ४४८ केबीपीएस, दर महिन्याला भाडं भरून रिकामे. १ ते ३१ केलं आणि काम झालं.

बदलताना मात्र सांभाळून. लांबच्या टोकाचा राऊटर याच लाईनीवरनं उघडलेला असेल तर तिथलं बदललं त्या क्षणी लाईन पडणार, मग लगेच जवळचं बदलायचं की लाईन परत उठते. म्हणून लांबच्या टोकावर बदल सेव्ह न करता ठराविक मिनिटांनी रीस्टार्टची वेळ आधी लावून ठेवा, काही चुकलं तर तो आपोआप जुन्या सेटिंगवर येतो. सगळं नीट चाललं की रीस्टार्ट रद्द करा आणि मगच सेव्ह करा. आणि हे काम बँकेत असेल तर कॅश बंद झाल्यावर, काउंटरवर लोक उभे असताना अजिबात नाही.

पाचवी तपासणी : ग्राफ खोटं बोलतोय का

जुन्या कितीतरी राऊटरांच्या सिरियल पोर्टला बँडविड्थचा आकडा मुळातच १५४४ असतो, टी-वनचा. लाईन ई-वन असली तरी तो आपोआप बदलत नाही. या आकड्यानं खरा स्पीड जराही बदलत नाही, पण बाकीचे सगळे त्यावर विश्वास ठेवतात. ग्राफ १५४४ ला शंभर टक्के धरतो, लाईन १९८४ नं चालली की १२८ टक्के दाखवतो. एमआरटीजीत (वापराचा ग्राफ काढणाऱ्या प्रोग्राममध्ये) तर १,५४४,००० भागिले आठ म्हणजे १९३००० बाइट ही कमाल मर्यादा लिहिली जाते आणि त्याच्या वरचा आकडा तो चुकीचा समजून टाकूनच देतो, म्हणून गर्दीच्या वेळेला भोकं. लोकांना वाटतं त्या वेळी लाईन बंद पडते! फाईल उघडा, १९३००० दिसला की समजा, तिथं २४८००० करा, आणि राऊटरवर बँडविड्थ १९८४ लिहा.

हे केलं पाहिजे याचं अजून एक कारण. राऊटिंग पण हाच आकडा वापरतं. ओएसपीएफ (राऊटरनं रस्ता निवडायची एक पद्धत) दहा कोटीला या आकड्याच्या बिटांनी भागून रस्त्याची किंमत काढतं, १५४४ ला ६४ येते आणि १९८४ ला ५०. दोन लाईनी असतील, एकीवर आकडा दुरुस्त केलाय आणि दुसरीवर नाही, तर सगळा ट्रॅफिक एकीवरच जातो आणि दुसरी रिकामी बसते. म्हणून बदलायचं तर दोन्हींवर एकाच बैठकीत बदला.

आणि एमआरटीजी मुळात बाइटमध्ये काढतो, बिटमध्ये हवं असेल तर तसं लिहावं लागतं. परत पहिली तपासणी!

पीआरआय सोडून आयपीवर जाताय? आधी हे

तीस कॉल गुणिले ६४ म्हणजे १९२०, लाईन आहे १९८४ ची, बसणार की, असा हिशोब मी कितीतरी कागदांवर बघितलाय. बसत नाही. आयपीवर प्रत्येक २० मिलिसेकंदाच्या आवाजाला वेष्टण लागतं, आवाज १६० बाइट आणि त्यावर आयपी वगैरेचे ४० बाइट, आणि इथरनेट असेल तर अजून १८. सेकंदाला अशी ५० पॅकेटं. २१८ गुणिले ८ गुणिले ५०, म्हणजे ८७.२ केबीपीएस एका कॉलला एका दिशेनं. तीस कॉलला २६१६. १९८४ मध्ये बाविसावा कॉल बसतो, तेविसाव्याला आवाज फाटतो, आणि फक्त नवीन माणसाचाच नाही, सगळ्यांचा फाटतो.

दूध संघ, बाजार समितीशी कामं असणाऱ्या ऑफिसात सकाळी एकदम सगळे फोन सुरू होतात तेव्हा हे पहिल्यांदा उघडं पडतं, दुपारी टेस्ट करून गेलेल्या माणसाला काहीच दिसलेलं नसतं. उपाय दोन, एक तर ३ एमबीच्या वरची लाईन घ्या, नाहीतर कोडेक (आवाज दाबून लहान करायची पद्धत) जी.७२९ करा, तो कॉलला इथरनेटवर ३१.२ केबीपीएस घेतो, तीस कॉल ९३६ मध्ये बसतात. पण फॅक्स असेल तर जी.७२९ वर चालणार नाही, ते आधी विचारून घ्या, वकील आणि ट्रान्सपोर्टवाल्यांकडं अजून फॅक्स मशीन निघतं.

मोठ्या लाईनी : भागाकार करूच नका

१५५.५२ भागिले २.०४८ केलं की ७५.९ येतात आणि कोटेशनमध्ये ७५ लिहिलं जातं. मिळतात ६३. चोरी झालेली नाही. एसटीएममध्ये प्रत्येक ई-वन सुटी टाकत नाहीत, तिला स्वतःचा पत्ता आणि थोडी मोकळी जागा देऊन पेटीत घालतात, ती पेटी २.३०४ एमबीपीएसची जागा अडवते. अशा तीन पेट्यांचा एक गट, सात गटांचा एक मोठा गट, आणि ते तीन, तीन सत्ते एकवीस, एकवीस त्रिक त्रेसष्ट. वर राहिलेली जागा देखरेखीला जाते.

ई-थ्रीत उलटं दिसतं, १६ गुणिले २.०४८ म्हणजे ३२.७६८, आणि लाईन ३४.३६८ ची. मधले १.६ एमबी तुम्हाला वापरायला मिळत नाहीत. जुन्या पद्धतीत प्रत्येक ई-वनचं घड्याळ किंचित वेगळं चालायचं, ते जुळवून घ्यायला भरीचे बिट घालावे लागायचे, ती जागा आहे.

आणि दहाचे पावणेनऊ झाले ते लक्षण. एसटीएमवरनं इथरनेट देताना दहा एमबीसाठी पाच पेट्या (यांना व्हीसी-१२ म्हणतात) जोडतात, प्रत्येकीत २.१७६ चा माल, पाचाचे १०.८८. एक पेटी पडली की चार राहतात, ८.७०४. लिंक बंद पडत नाही, कारण एलसीएएस नावाची सोय पडलेली पेटी बाजूला काढून बाकीच्यांवर काम चालू ठेवते. म्हणून ८.७ वर अडकलेला आकडा दिसला की स्वतःकडं काही उचकू नका, सरळ सांगा "पाचातली एक व्हीसी-१२ डाऊन आहे." हे वाक्य ऐकलं की पलीकडचा माणूस थेट योग्य स्क्रीन उघडतो. साडेसहा दिसले तर दोन गेल्यात.

सहावी तपासणी : आता हात लावा, पण आपल्या खोलीपुरता

वरचं सगळं बरोबर निघालं आणि तरी आकडा हलतोय, तर राऊटरवर एररचे आकडे शून्य करा आणि पंधरा मिनिटांनी बघा.

सीआरसी एरर (वाटेत बिघडलेला डेटा) वाढतायत तर आधी कनेक्टर. आपल्याकडं कोॲक्सवर ७५ ओहमचे बीएनसी बरेच सापडतात, आणि राऊटरला आरजे-४५ म्हणजे १२० ओहम असू शकतो. दोन्हींच्या मध्ये बलून (७५ आणि १२० जुळवणारा तुकडा) लागतो, तो नसताना नुसती तार जोडून दिलेली मी बघितलीय, लाईन उठते पण एरर येत राहतात. पावसाळ्यात बीएनसीच्या आतली पिन हिरवी पडते, बदलून टाका, पुसत बसू नका.

मग सीआरसी-४ (चुका तपासायचं सेटिंग) दोन्ही टोकांना चालू आहे का दोन्हीकडं बंद. एकीकडं चालू एकीकडं बंद असलं की ठराविक वेळानं लाईन पडते आणि उठते.

स्लिप वाढतायत तर घड्याळ. दोन्ही टोकं आपापलं घड्याळ चालवत असतील तर ई-वनच्या मर्यादेत म्हणजे ५० पीपीएमनं जरी फरक असला तरी दर अडीच सेकंदाला एक फ्रेम हरवते. फोनवर टिक टिक ऐकू येते, फॅक्स अर्ध्यात तुटतो, आणि डेटा मात्र "थोडा स्लो" वाटतो. तुमच्या मशीनवर घड्याळ लाईनवरनं घ्यायचं सेटिंग करा, एक्स्चेंजचं घड्याळ आपल्यापेक्षा कायम चांगलं असतं.

शेवटी लूप. एक्स्चेंजला फोन करून तुमच्या दिशेनं लूप द्यायला सांगा, पाठवलेलं सगळं परत आलं पाहिजे. लूपवर एरर आल्या तर दोष तुमचा राऊटर, खोलीतली तार, नाहीतर एक्स्चेंजपर्यंतची जोडी यातच. मग मोडेमच्या अलीकडं स्वतः लूप लावा, तिथं स्वच्छ आलं तर खोली सुटली, दोष बाहेर. एक्स्चेंजच्या लूपवरच स्वच्छ असेल तर दोष पलीकडं. लूप काढायला मात्र नक्की सांगा, लूप तसाच राहिल्यामुळं दिवसभर बंद असलेल्या लाईनी मी बघितल्यात.

इथं थांबा

लूपनं दोष बाहेर दाखवला की तुमचं काम संपलं. बाहेरची पेटी उघडून क्रोनवरची (तारा जोडायच्या पट्टीवरची) जोडी बदलून बघायचा मोह होतो, करू नका, शेजारच्या जोडीवर दुसऱ्याची लाईन असते. रिपीटर असलेल्या जोडीवर त्याची वीज पण त्याच तारेतनं जाते, चांगला झटका बसतो. वळवाच्या विजा चालू असताना तांब्याच्या कुठल्याच लाईनीला हात लावायचा नाही. फायबरचं टोक सुटलेलं असेल तर त्यात डोळा घालून बघू नका, तो लेझर दिसत नाही पण डोळा घालवतो.

पाऊस पडला की एरर आणि ऊन पडलं की बंद, असं असेल तर केबलच्या जोडात पाणी आहे. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरानंतर नदीकाठच्या भागात असे जोड मला खूप लागले. ते काम केबलवाल्या माणसाचंच, त्याच्याकडं जोड शोधायचं मीटर असतं, तुमच्या राऊटरमध्ये कितीही बदल केले तरी पाणी निघत नाही. एसटीएमचं मशीन, एक्स्चेंजमधली रॅक, मधला मक्स, यातलं काहीही असेल तरी तसंच.

तक्रार लिहिताना सर्किट नंबर, दोन्ही टोकांचे पत्ते, राऊटरवरचा रेट आणि त्यापुढं केबीपीएस हा शब्द पूर्ण, ६४ नं भागून आलेले स्लॉट, पंधरा मिनिटांतल्या सीआरसी आणि स्लिप, लूप कुठं लावला आणि काय आलं, आणि वेळ. "लाईन स्लो आहे" हे वाक्य त्यात लिहू नका, त्यावर उत्तर येतं "इथनं ओके आहे", आणि तक्रार बंद होते.